खोट्या बादलाचं पन्हं

आई, आज दुपारी मी आपल्या गच्चीवर थाळी वाजवली. बादल नव्हतं. आकाश घासलेल्या भगोन्यासारखं कोरडं चमकत होतं, तरी वाजवली.

तू गेली तेव्हा मी नववीत होतो, आणि मंग नववीतच राहिलो, हे तुले कोणी सांगतलं नसन. त्याच्यानंतर जगदलपूरच्या ढाब्यावर होतो, मोबाईलचे टॉवर रंगवले, एक पूर्ण थंडी ओडिशाकडे ट्रकवर काढली. टॉवरवरून खालची भातशेती कशी दिसते ते तुले सांगायचं होतं, पण ते राहू दे, नाहीतर मी तिकडेच जाईन. मराठी मले घरात बोलण्यापुरतीच येते, लिहायची सवय नाही. मधात हिंदी घुसली तर समजून घेशील.

आपल्या खुर्सीपारची गरमी तशीच आहे. सकाळचे दहा वाजले नाही की गल्ली रिकामी. तीन-चार दिवसांपासून दुपारचं वादळ येऊन राहिलं, अर्धा तास धिंगाणा घालून निघून जाते, आणि मंग ऊन अन् घाम दोन्ही सोबतच. बनियन अंगाले चिकटली की सुटत नाही. पहिले कूलरमध्ये खस टाकली की घर कसं गार वास मारे. आता कूलर नुसती दमट हवा फेकते आणि बाबा तिच्यासमोर बाजेवर पडून राहतात. स्टील प्लांटमधून रिटायर झाले तेव्हापासून हेच. दार बंद, परदा बंद, बोलणं बंद. मी आलो त्या दिवशी म्हणाले, "आला का बे," आणि कूस बदलली.

म्हणून ताई पेटून उठली आहे. ती इथून जवळच, पद्मनाभपुरात असते, मोठं घर आहे, दोन पोट्टे आहेत. तिचं म्हणणं असं की हे घर विकून टाकायचं आणि बाबाले तिच्याकडे न्यायचं. या गल्लीत त्यांचं कोण उरलं, विचारते. रविवारी न्यायलेच येऊन राहिली. बाबा हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. मले फोनवर म्हणाली, तू घरात आहेस तर तूच त्यांच्या मनाचं काढ. आता मी आणि कोणाच्या मनाचं काढणं! मी तर विशाखापट्टणमले जायच्या गोष्टी करून राहिलो होतो, तिकडे एका दोस्तानं बंदरावर काम पाहून ठेवलं आहे.

तर दुपारी मी वर गेलो ते टाकीचा पाइप पाहायले. पाइप राहिला बाजूले, कारण बाजूच्या गच्चीवर भाभीच्या बड्या वाळत होत्या. जुन्या साडीवर, ओळीनं, उडदाच्या डाळीच्या, आपल्या सांडग्यांसारख्या. ते पाहून मले तुझ्या कुरड्या आठवल्या आणि मी तिथंच उकिडवा बसलो, चटके बसत होते तरी.

तेव्हा मे महिन्यात आपल्या लायनीतल्या सगळ्या गच्च्या भरून जात. आपल्या कुरड्या, कोपऱ्यावरच्या छत्तीसगढी काकीची बिजौरी, आंध्रावाल्या अम्माचे वडियालू. नियम एकच होता. ज्या बाईले बादल पहिले दिसलं तिनं थाळी वाजवायची आणि साऱ्या बायांनी धावत जाऊन सगळ्यांचंच उचलायचं, आपलं-परकं पाहायचं नाही. आणि बादल खोटं निघालं तर जिनं वाजवली तिनं सगळ्यांना पन्हं पाजायचं. खोटी थाळी सगळ्यात जास्त तुझी असे. प्लांटचा लालसर धूर जरा इकडे झुकला की तू सुरू. एका दिवशी तर अर्ध्या ओल्या कुरड्या गुंडाळून त्याचा गोळा झाला, बाया घामानं निथळत वर पाहतात तर आकाश साफ. काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तोर बादर तो चिमनी ले निकलथे, बहिनी," म्हणजे तुझं बादल चिमणीतून निघते. मी लोळून लोळून हसलो. तू मले एक चापट दिली आणि कैऱ्या भाजायले बसवलं. मंग आपल्या एवढ्याशा ओट्यावर सगळ्या बाया दाटीवाटीनं, पन्ह्याचे गिलास, पदरानं वारा, आणि काकी तुझी नक्कल करून राहिली. फर्स्ट शिफ्टहून बाबा आले तर त्यांना दारातून आत शिराले जागा नाही. ते वैतागून म्हणाले, जरा पाहून वाजवत जा ना. आणि तू गिलास विसळता विसळता म्हणाली, "अजी, पाहूनच वाजवते मी."

हे वाक्य मले आज समजलं, ते असं. बाजूच्या बड्या पाहता पाहता माझ्या मनात काय आलं माहीत नाही, खाली येऊन थाळी अन् कलथा घेतला आणि वर जाऊन दणादण वाजवली. गल्लीत सगळीकडे एसीचे डब्बे घरघर करून राहिले होते. मले वाटलं, कोणाले ऐकू येणार. पहिले बाजूच्या जिन्यात चपला वाजल्या. भाभी आली, तिच्यामागे तिची पोरगी, मंग समोरच्या घरातल्या दोन म्हाताऱ्या काठी टेकत रस्त्यावर. आणि सगळ्यात शेवटी आपला जिना चढून बाबा. लुंगी, उघडं अंग, डोळ्यांवर हात.

"कुठी आहे बे बादल?"

मी वर बोट केलं. वर काहीच नव्हतं. बाबांनी मले अशी काही शिवी दिली की इथं लिहिता येत नाही, आणि भाभी कठड्याले धरून हसत सुटली. मंग ती बाबाले सांगायले लागली. ती नवी नवरी होऊन ओडिशाहून आली होती, नवरा ठेक्याच्या कामावर दिवसभर बाहेर, ती दार लावून आत रडत राहे, भाषा येत नाही म्हणून कोणाच्या समोर येत नसे. "माँजी की थाली बजती थी, तभी मैं निकलती थी, बाबूजी. उसी गर्मी में माँजी को रोज बादल दिखता था."  बाबांनी प्लांटच्या बाजूले पाहिलं. मंग खाकरून म्हणाले, नियम तो नियम, खाली चला सगळे, कैऱ्या आहेत घरात.

कैऱ्या त्यांनी स्वतः भाजल्या, गॅसवर, चिमट्यानं. गूळ कमी अन् मीठ जास्त झालं. म्हाताऱ्यांनी तोंड वाकडं करून दोन-दोन गिलास घेतले. बाबा प्लांटमधल्या गरमीच्या गोष्टी सांगत सुटले, भट्टीसमोर उभं राहिलं की घामाचं मीठ शर्टावर कसं पांढरं दिसे ते. मले हे कधीच सांगतलं नव्हतं. आणि आम्ही सगळे असे ऐकत बसलो, परदा बंद, कूलरचा आवाज, आणि बाहेर आकाश कधी काळं झालं ते एकालाही दिसलं नाही. गाज अशी कडाडली की गिलास हातातून सुटला. भाभी किंचाळली, मेरी बड़ी! धावलो, पण वर पोचेपर्यंत वादळानं साडी उचलून टाकीवर टाकली होती आणि बड्यांचं पिठलं गच्चीच्या नालीतून चाललं होतं. बाबा त्या पावसात आपली बाज डोक्यावर घेऊन उरलेल्या बड्यांवर धरायले निघाले, पण बाज दोऱ्याची, सगळं पाणी खाली. मी इतका हसलो की बसलोच.

भाभी ओली चिंब, कमरेवर हात ठेवून बाबाले म्हणाली की नुकसान तुमच्या पन्ह्यानं झालं, आता मी उद्या नवीन डाळ भिजवते आणि तुम्ही वर बसून राखण करायची, जोवर बड्या वाळत नाहीत तोवर. बाबांनी नाली पाहिली, आकाश पाहिलं, आणि विचारलं, छत्री कोण देईन?

संध्याकाळी ताईचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, बाबा, रविवारी गाडी घेऊन येते, सामान बांधून ठेवा. बाबा अंग पुसता पुसता म्हणाले, "रविवारी नाही जमणार मले. ड्युटी आहे." ताईनं विचारलं, कशाची ड्युटी, तुम्ही तर रिटायर आहात. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि जुनी छत्री शोधायले आत गेले.

हे तुझ्यापर्यंत पोचत नाही म्हणूनच सांगतो, आई. थाळी वाजवली तेव्हा मनातून मले थोडं असंही वाटत होतं की कोणीच येऊ नये. म्हणजे ताईले सांगून टाकलं असतं, पाहा, खरंच कोणी उरलं नाही, आणि मी मोकळ्या मनानं बंदरावर गेलो असतो.