कोंडलेली सिरा

३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आज मी तोंडघशी पडले. आमच्या वाइनरीच्या तळघरातले प्रमुख, ज्यांना आम्ही पाठीमागे नाकराव म्हणतो, त्यांनी सिरा वाइनचा ग्लास पुढे ठेवला. हुंगताच जळक्या रबराचा वास आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ही नासली आहे. नाकरावांनी ग्लास झाकलाही नाही, हलवलाही नाही, नुसता बाजूला ठेवला. जेवून आलो तर त्याच ग्लासात काळी मिरी, धूर, पिकलेली काळी फळं! सिरा बाटलीत कोंडलेली असते, तिला हवा लागू द्यावी लागते, हे मला पाठ होतं. पण धीर कुठला?

शुक्रवारी शेवटची चाचणी. जमलं तर चाखणाऱ्यांत कायम, नाहीतर पुन्हा लेबलं चिकटवायला. झोप नाही, जेवताना पाय हलत असतात. काहीतरी सांग. काकांना नमस्कार.

तुझी,
भिंगरी

६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. अक्षरांवरून कळलं की तू ते उभ्यानेच लिहिलंस. तू डॉक्टर पोचायच्या आधीच जन्मलीस, त्यामुळे मला या प्रकरणात नवल काही वाटलं नाही.

तू मागे पाठवलेली सिराची बाटली काल उघडली. ग्लास भरून मी त्याच्यासमोर उत्तरपत्रिका तपासायला बसले. पहिल्या हुंगण्यात मलाही टायरचं दुकान दिसलं. तुझ्या काकांनी लगेच एक घोट घेऊन खोकला बरा झाल्याचं जाहीर केलं. त्यांना खोकला नव्हता. मी मात्र थांबले. खरं सांगते, चारदा उठले आणि एका हुशार मुलाला दोन गुण उगाच कमी दिले, ते नंतर परत केले. गठ्ठा संपता संपता मिरी आली. मग जिभेच्या कडांना तुरटपणा. आपल्या षड्रसांच्या यादीत कषाय, म्हणजे तुरट, शेवटी बसवणारा माणूस नक्कीच ठाण मांडून बसणारा असणार.

पण एक सांगते. थांबणं म्हणजे माघार नव्हे. आता पोळल्यामुळे तू प्रत्येक ग्लासाला सज्जन ठरवायला निघशील, ती दुसरी घाईच. शंकेला वेळ दे, पण वेळ देऊनही ती बसूनच राहिली, तर ती पाहुणी नाही, घरचीच आहे असं समज आणि स्पष्ट बोल. वरिष्ठांपुढे नाक मुरडायचा अधिकार फार थोड्या नोकऱ्यांत मिळतो.

रोज जेव. माया आहेच, ती उतू जाऊ नये एवढी काळजी तूच घे.

तुझी,
मावशी

१० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल चाचणी झाली. तीन ग्लास होते, तिन्ही सिरा. दोन मला कळले: एक थंड उतारावरची, मिरीदार; दुसरी उन्हातली, जाड आणि गोडसर. तिसरीत पुन्हा रबर. पाय खुर्चीखाली गुंतवून बसले, ग्लास फिरवला, ठेवला, पुन्हा फिरवला. बाकीच्यांनी हवेची गरज आहे असं लिहून ग्लास पुढे सरकवले. मी बसूनच. खोली रिकामी होत आली तरी रबर जाईना. उलट त्याखाली कुजका कांदा लागला.

नाकराव म्हणाले, की या तिसरीचं पिंप त्यांनी स्वतः भरलं आहे, या वर्षीचं सगळ्यात लाडकं. तरी म्हटलं, मी थांबून पाहिलं, ही नासलीच आहे. त्यांनी ग्लास नाकाशी धरला. बराच वेळ. मग तो शांतपणे थुंकदाणीत ओतला आणि कंदिलासारखा दिवा हातात घेऊन म्हणाले, की उरलेली पिंपंही हुंगून पाहायची आहेत, चल, आणि उद्यापासून लेबलांकडे दुसरं कोणी बघेल.

मावशी, माझे पाय खुर्चीत असे अडकले होते की उठताच येईना. एवढा मोठा माणूस दार धरून उभा. जन्मात पहिल्यांदा कोणालातरी माझ्यासाठी ताटकळावं लागलं.

काकांना खोकल्याचं औषध पाठवते. तुझा लोभ असाच राहू दे, रागावण्यासकट.

तुझी,
भिंगरी