तिसऱ्याचा शिक्का

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळव. तुझा खोकला गेला असेल अशी आशा आहे. गेला नसेल तर शेजारणीची औषधं बंद कर आणि डॉक्टरकडे जा. आमच्याकडे सगळ्यांच्या प्रकृती ठीक आहेत. प्रकृतीखेरीज जे काही बिघडलंय ते सांगायलाच हे पत्र. अक्षर वाकडंतिकडं दिसेल, कारण मी हे उभ्यानं लिहितोय, कपाटाच्या कडेवर कागद ठेवून. बसलो की दोन ओळींतच पुन्हा उठावंसं वाटतं. बारा दिवस झाले, मी घरात खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरतोय. (तुझी भावजय म्हणते, फिरायचंच असेल तर निदान हातात केरसुणी घ्या.)

तर झालं असं की तुझ्या भाचीनं लग्न ठरवलं. मुलगा सायकली दुरुस्त करतो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आपली पोरगी चष्म्याच्या काचा घासते, हा चाकं सरळ करतो, दोघांची कामं नजर आणि चाल सुधारण्याची आहेत, जोडा चांगलाच म्हणायचा. वागायला नम्र, खाताना आवाज नाही, पायपुसण्यावर पाय पुसतो. पण जेवण झाल्यावर चहा घेता घेता मी सहज म्हटलं, नोंदणीची तारीख मी बघतो, आपलंच ऑफिस आहे. तर तो कप खाली ठेवून म्हणाला, "काका, लग्न दोघांचं. त्यात तिसऱ्याचा शिक्का कशाला?"

ताई, तो तिसरा म्हणजे मी. अठ्ठावीस वर्षं विवाह नोंदणी कार्यालयात तिसऱ्या खिडकीवर बसून मी माणसांची लग्नं पक्की करतोय, आणि माझ्याच घरात, माझ्याच कपातून चहा पिऊन हा मला कशाला म्हणून विचारतो! मग कळलं की त्याचा फक्त शिक्क्यावरच नाही, सरकार या गोष्टीवरच विश्वास नाही. माणसांना मोकळं सोडलं तर ती आपापसांत नीट राहतात, सरकार म्हणजे धडधाकट माणसाला दिलेली कुबडी, वापरून वापरून पायच लुळे पडले, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, उद्या तुझी सायकल कुणी उचलून नेली तर? म्हणाला, शेजारी धावतील. आणि शेजाऱ्यानंच नेली तर? म्हणाला, "मग दुसरा शेजारी." मी मनातल्या मनात त्याचं नाव बिनसरकारी ठेवलं. (तुझी भावजय तोंडावर म्हणते, आणि तो ओ देतो.)

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी त्याचं दुकान बघायला गेलो. तिथे सहा जण काम करतात आणि मालक कुणीच नाही. मी दारातल्या स्टुलावर बसून पाहत राहिलो, आता भांडतील, मग भांडतील. कुणी कुणाला हुकूम सोडला नाही. भिंतीला टेकवलेली पुढची सायकल ज्याचे हात रिकामे तो उचलायचा. पंक्चर, ब्रेक, साखळी, सगळं बिनबोभाट. मला फार अस्वस्थ वाटलं. शेवटी कोपऱ्यात केराचा ढीग दिसला तेव्हा कुठे जिवात जीव आला. केर कुणी काढायचा यावर त्यांची तीन महिने चर्चा चालू आहे म्हणे. मी मोठ्या तोऱ्यात घरी आलो आणि त्याला निरोप धाडला: सोमवारी ऑफिसात ये, साठ माणसं एका खोलीत कोंडली की काय होतं ते दाखवतो.

नेमकं त्याच सोमवारी आमचं नंबराच्या चिठ्ठ्या देणारं यंत्र बंद पडलं. दारावरचा शिपाई दाढ काढायला गेलेला. साहेब आत होते, पण आमचे साहेब आत असले तरी सही करण्यापुरतेच असतात. साडेनऊलाच खोली भरली. नवरे, नवऱ्या, साक्षीदार, कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या हातात फायली. मी रोजच्यासारखा खुर्चीवर चढून ओरडणार, तेवढ्यात बिनसरकारीनं माझी बाही धरली. "काका, काही करू नका. खिडकीवर येईल त्याचं काम करा, पण रांगेबद्दल एक शब्द बोलू नका. दुपारपर्यंत." मी कबूल झालो. अठ्ठावीस वर्षांत इतकं अवघड काम मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो.

आणि ताई, सगळं सुरळीत झालं! निळ्या छत्रीची एक बाई आत आली आणि तिनं एवढंच विचारलं, "शेवटी कोण आहे?" एकानं हात वर केला. ती म्हणाली, मग मी तुमच्यामागे. तिच्यानंतर आलेल्यानं तिला विचारलं. बस्स. प्रत्येकानं फक्त आपल्या पुढचा माणूस लक्षात ठेवायचा, मग हवं तिथे बसा, बाहेर जाऊन या, रांगच नको. एका पोटुश्या नवरीला तिघांनी उठून जागा दिली. अकरापर्यंत माझ्या खिडकीवरून चौदा जोडपी गेली, आणि एरवी मी ओरडून ओरडूनही नऊच्या वर जात नाहीत. बिनसरकारी कोपऱ्यात उभा राहून माझ्याकडे बघत नव्हता. हे न बघणं मला जास्त लागलं. मी शिक्के मारत होतो आणि मनात एकच घोळत होतं, की अठ्ठावीस वर्षं मी खुर्चीवर चढत होतो ते कशासाठी?

मग खलाशी आला. त्याचं जहाज तीन वाजता सुटणार, परत यायला आठ महिने. बरोबर नवरी, पावाच्या भट्टीवरून सुटून तशीच आलेली, कानामागे पीठ. (आली तेव्हाच तिनं तीनदा घड्याळ पाहिलं.) त्यांचा नंबर लागायला चार तरी वाजले असते. खलाशानं टोपी काढून सगळ्यांना विचारलं, मला पुढे जाऊ द्याल का? सगळे हो म्हणाले. एक सोडून. मांडीवर खोकं घेऊन बसलेला एक गृहस्थ म्हणाला, "नाही."

का नाही, असं छत्रीवाल्या बाईनं विचारलं. तो अगदी शांतपणे म्हणाला, "आजपर्यंत मला कुणी विचारलंच नव्हतं. लोक सरळ पुढे घुसतात. आज विचारलंत, तर मी नाही म्हणतो."

त्याचं काय चुकलं, तू सांग. पण खोली दुभंगली. निम्मे म्हणाले, एकट्याचं कशाला ऐकायचं? निम्मे म्हणाले, ऐकायचं नव्हतं तर विचारलं कशाला? कुणीतरी म्हणालं, बाईच ठरवतील, पद्धत त्यांनीच पाडली ना. बाई नको नको म्हणत बाकावर बसल्या आणि त्यांनी पर्समधून वही काढली. वहीत नावं लिहिली. नावं खोडायची नाहीत म्हणून एक धिप्पाड साक्षीदार वहीपाशी उभा राहिला. मग बाहेर गेलेल्यांनी नाव पुन्हा लिहायचं असा नियम झाला. मग दारापाशी दोघं उभी राहिली. खिडकीजवळच्या मंडळींना वही मान्य नव्हती, त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवर दुसरी यादी सुरू केली. सव्वाबाराला एक नवा माणूस आत आला तर त्याला चौघांनी एकदम विचारलं, तुम्ही कुठल्या यादीतले? तो घाबरून बाहेर निघून गेला. लग्न मोडलं की काय, कोण जाणे. छत्रीवाली बाई रडवेली झाली होती. वही तिला आता कुणाला देताही येईना.

तेवढ्यात धक्काबुक्की झाली आणि ती पोटुशी नवरी भिंतीवर रेटली गेली. आणि ताई, खुर्चीवर चढून कोण ओरडलं असेल? बिनसरकारी! "सगळ्यांनी एका ओळीत उभं राहा! तुम्ही! हो, तुम्हीच! मागे!" आवाज असा की आतून साहेब बाहेर आले. खोली चिडीचूप. ओळ लागली. सायकलवाला खुर्चीवर, तोंड लालबुंद, एवढं मी जाता जाता वळून पाहिलं.

मला हसायला यायला हवं होतं. पण मी त्या वेळी माझ्या जागेवर नव्हतोच. मी खलाशाला आणि त्याच्या नवरीला दप्तराच्या खोलीतून, मागच्या दारानं, साहेबांच्या टेबलाकडे नेत होतो. नंबर नाही, रांग नाही, नोंदवहीत वेळ सकाळची घातली. जो नियम मी अठ्ठावीस वर्षं माझ्या सख्ख्या मेव्हण्यासाठी मोडला नाही तो पिठाच्या कानासाठी मोडला. दोन वाजता ती दोघं धावत बंदराकडे गेली.

संध्याकाळी आम्ही दोघं चालत घरी आलो. वाटेत तो म्हणाला, "काका, मी घाबरलो होतो." मी म्हटलं, मीही रोज घाबरूनच ओरडतो. माझं बरोबर की त्याचं, हे त्यानंतर कुणी काढलं नाही, आणि खरं सांगतो, मला अजून ठरवता आलेलं नाही. अकरापर्यंतची खोलीही मी डोळ्यांनी पाहिली आणि बारानंतरचीही.

निकाल पोरीनं लावला. तिनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाली, गेल्या साली याचा हात मोडला, डोक्यालाही मार बसला, तेव्हा दवाखान्याच्या खिडकीवर मला विचारलं, तुम्ही याच्या कोण? माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. तीन तास बाकावर बसले. तो शुद्धीवर आहे की नाही एवढंही कुणी सांगेना. "सरकार असो नसो, मला त्या दारातून आत जायचंय." बिनसरकारीनं मान खाली घातली. हे तिनं त्याला आजवर सांगितलंच नव्हतं. मग म्हणाला, फॉर्म द्या. सरकारसाठी नाही, त्या दारासाठी भरतो. लग्न ठरलं, ताई. सगळं कसं गोड झालं. भावोजींना नमस्कार, आणि तू स्वतःला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. १: फॉर्म भरून माझ्याच खिडकीवर आला. सगळे रकाने भरलेत, सातवा सोडून. सातवा रकाना: वधूच्या आईवडिलांच्या विवाहाचा नोंदणी क्रमांक. रिकाम्या रकान्याचे शेकडो फॉर्म मी परत पाठवलेत. आता नीट बसून वाच. आमच्या विवाहाला क्रमांक नाही. एकतीस वर्षांपूर्वी नोंदवायचं राहिलं. नंतर इथे नोकरी लागल्यावर म्हटलं, आता काय, आपलंच ऑफिस, करू कधीही. काखेत कळसा म्हणतात तो हाच. बिनसरकारीला अजून कळलेलं नाही. कळलं तर तो हसणार नाही, आणि तेच मला सहन होणार नाही.

ता. क. २: उशिरा नोंदणीला लग्नाला हजर असलेला साक्षीदार लागतो. त्यांतले आता तू आणि भावोजीच आहात. म्हणून ये. गुडघ्यासाठी टॅक्सी मी पाठवतो. शिवाय तीस दिवस फलकावर नोटीस लावावी लागते, कुणाची हरकत असेल तर यावी म्हणून. हे मी तुझ्या भावजयीला समजावून सांगितलं. तिनं विचारलं, हरकत कुणालाही घेता येते? मी म्हटलं, कुणालाही. म्हणाली, "मग मला तीस दिवस विचार करू द्या." मी हसलो. ती हसली नाही. तेव्हापासून मी बसू शकत नाही, हे खरं कारण. तेव्हा साक्षीदार म्हणून ये असं वर लिहिलंय, पण त्याआधी तिच्यापुढे माझा वकील म्हणून ये.

ता. क. ३: पत्र पाकिटात घालायचं राहिलं म्हणून पुढचं लिहितो. आज दुपारी ती ऑफिसात आली. चांगले बूट घालून. फलकासमोर उभी राहिली, चष्मा लावला, आमची नोटीस पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली. मग पर्समधून पेन काढलं. माझ्या हातातला शिक्का खाली पडला. तिनं तिच्या नावात मी ऱ्हस्व लिहिलेली वेलांटी खोडून दीर्घ केली, पेनाला टोपण लावलं, आणि माझ्या खिडकीकडे न बघता निघून गेली. ताई, याचा अर्थ काय धरायचा? उलट टपाली कळव.