हाडांचा चुरा

निंबोला,
एप्रिल १९५८

प्रिय शारदा,

तुझ्या दिवाळीच्या पत्राला उन्हाळ्यात उत्तर लिहिते आहे. आधी तू रागावली असशील आणि मग काळजीत पडली असशील. तुझा हा क्रम मला कन्याशाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून ठाऊक आहे. मध्ये दोनदा लिहायला बसले होते. एकदा कोणीतरी आलं म्हणून उठले, आणि एकदा कोणीच आलं नव्हतं तरी उठले. आज मात्र लिहून टाकायचंच आहे. शुद्धलेखन बघू नकोस. इथे पोरं आता हिंदीतच शिकतात, दुकानात हिंदी, मोटारीत हिंदी, कचेरीत तर हिंदीच, आणि मराठी लिहायला घेतलं की माझाच हात अडखळतो. तुझ्या वडिलांनी, वामनमास्तरांनी, घोटून घेतलेलं अक्षर कुठे गेलं कोण जाणे.

वाईट बातमी आधी सांगते. माय गेली. माझ्या सासूबाई, गोदाबाई. पौषात ताप आला, अंथरुणाला लागली आणि उठली नाही. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. तुला कळवायला हवं होतं, पण कळवलं असतं तर तुम्ही दोघं नागपूरहून गाडीत बसला असता, हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच कळवलं नाही. खांदा द्यायला घरचे होते आणि चांदनीहून माझा भाऊ गिरधर आला होता. गावातलं कोणी आलं नाही. दारं लावून घेतली नव्हती, एवढंच. ओट्यांवर उभे राहून बघत होते.

तू पत्रात विचारलं होतंस, माय अजून तुझ्या यजमानांच्या, डॉक्टरांच्या, नावानं बोटं मोडते का. मोडायची. तुझा डागदर असा, तुझा डागदर तसा, म्हणून माझ्याशी भांडायची. पण दुसऱ्या कोणी त्यांच्याबद्दल वाकडं बोललेलं तिला खपत नव्हतं.

डॉक्टरांची नुकती बऱ्हाणपूरच्या गुरांच्या दवाखान्यात बदली झाली होती आणि तुम्ही होळीच्या पुरणाला आमच्याकडे आला होतात, ते मला परवा सारखं आठवत होतं. डॉक्टर हात धुवायला मागे गेले ते परतच येईनात. आपण दोघी बघायला गेलो, तर गोठ्यामागे आमची तांबडी गाय नाल्यातलं कसलंसं हाड तोंडात धरून चघळत उभी, आणि डॉक्टर जेवण विसरून तिच्यासमोर उकिडवे बसलेले. मी लाजेनं मेले. गाय हाड चघळते हे आमच्याकडे कोणी बोलत नसे. प्रत्येकाच्या गोठ्यात ते होतं आणि प्रत्येक जण ते झाकून ठेवायचा, जसा काही घराला लागलेला डाग असावा. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की इथल्या मातीतच एक कस कमी आहे, तो चाऱ्यात उतरत नाही, म्हणून जनावर तो मिळेल तिथे शोधतं. वासरं लटपटत जन्मतात ती त्यामुळेच. आणि सडक्या हाडांत विष असतं, त्यानं जबडा जातो, मागचे पाय जातात, आणि गाय बसली की उठत नाही. त्या वर्षी गावात अशा किती बसल्या होत्या, त्या आपण दोघींनी जाता-येता पाहिल्या होत्या.

पुढच्या खेपेला ते पोतं घेऊन आले. तूही होतीस. अंगणात माय, हे, मी, सगळ्यांना बोलावून त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि पांढरी पूड मायच्या तळहातावर ठेवली. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "हा हाडांचा चुरा आहे. वाफेवर शिजवून विष मारलेलं आहे, पण आहे हाडच. हे कळून द्यायचं असेल तरच द्या." यांनी तर दोन पावलं मागे घेतली. माय तळहाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ती तं तशीबी खातेच. सडकं खाते न् मरते. मी शिजवलेलं देलं तं पाप कसं होईन?" आणि हात धुतला. आमच्या घरात मायच्या वर कोणाचं चालत नसे, लोटूचं, म्हणजे यांचंही नाही.

गावाला कळायला वेळ लागला नाही, कारण मायनं लपवलंच नाही. भाईदास पाटील देवळाचं सगळं बघतात, ते घरी आले. ओरडले नाहीत. गोठ्याकडे बघत म्हणाले, गोदावहिनी, गायीच्या तोंडात आपल्या हातानं हाड घालणं मला जमलं नसतं. त्यांचा आवाज भरला होता, हे मी खोटं सांगणार नाही. पण दुसऱ्या दिवसापासून देवळात आमचं दूध घेणं बंद झालं. मग हळदीकुंकवाला बोलावणं येईना. मग विहिरीवर मी गेले की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. तुला यातलं मी थोडंच सांगत होते. तुम्ही चुऱ्याचं काम सोडून द्याल अशी भीती होती, आणि मायला तर ते पुरं झालेलं बघायचं होतं.

त्या कामाची एक गोष्ट मात्र मायला फार जड गेली. डॉक्टरांनी आमच्या अर्ध्याच जनावरांना चुरा द्यायचं ठरवलं होतं. उरलेल्यांना नुसती सरकीची पेंड आणि मीठ. दोन्हींतला फरक लोकांना दिसला नाही तर कोणी विश्वास ठेवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. चुरा न मिळणाऱ्यांत चांदी नावाची गाय होती. तिचं वासरू जन्मलं ते पुढच्या गुडघ्यांवरच. डॉक्टरांनी त्याला उचलून आचळाला लावलं, परत पडलं, परत उचललं. सकाळ अशीच गेली. मायनं पदर पसरून म्हटलं की आता हिलापण द्या. डॉक्टर वासराच्या अंगावर गोणपाट टाकून सायकलवर बसले आणि गेले. ते त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत असं तू मला नंतर सांगितलंस. वासरू गेलं. मायनं चार दिवस त्यांचं नाव घेतलं नाही, आणि पाचव्या दिवशी मलाच विचारलं की डागदर फीत घेऊन गुरं मोजायला का आला नाही.

पण दुसऱ्या वर्षी फळ दिसलं. तांबडीचं वासरू जन्मलं आणि चाटून होतं न होतं तोच उभं राहिलं. चुरा खाणारी एकही गाय नाल्याकडे फिरकेना. दूध वाढलं. गावातले लोक गोठ्यावरून जाताना चाल मंद करायचे. कोणी काही विचारलं नाही, पण बघायचे. डॉक्टर म्हणाले, अजून एक वर्ष, मग सगळं लिहून सरकारात देऊ, मग गावोगाव पोती जातील, मग हेच लोक तुमच्या दारात येतील. माय म्हणाली, येतीन तेव्हा चहा मी नाही ठेवणार. पण चेहऱ्यावर हसू होतं तिच्या.

आणि मग छप्पनचा नोव्हेंबर उजाडला. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, राजधानी भोपाळला गेली. माणसांची वाटणी झाली तशी कचेऱ्यांची झाली. डॉक्टरांचं नाव तिकडच्या यादीत आलं. स्टेशनवर तू खिडकीतून माझा हात सोडत नव्हतीस आणि डॉक्टर यांना सांगत होते की पोतं संपायच्या आत नवीन साहेब पुढचं पाठवतील, सगळं लिहून ठेवलं आहे. त्यांनी लिहिलं असणारच. नवीन साहेब आले तेही भले होते. त्यांनी कपाटं शोधली, आणि म्हणाले की निंबोल्याच्या कामाचा कागद इकडे आलेला नाही आणि तिकडे विचारायचं तर आता ते परराज्य. डॉक्टरांनी दोन्हीकडे पत्रं लिहिली हे तू कळवलंसच. आम्ही पोतं पुरवून पुरवून वापरलं. मग माय पोतं उलटं करून झटकायची. मग झटकायलाही काही राहिलं नाही.

गेल्या वैशाखात तांबडी परत नाल्याकडे गेली. आम्ही बांधून ठेवायचो, पण चरायला सोडावंच लागतं. एके दिवशी परतली ती तोंडातून लाळ गळत. पाणी पुढे ठेवलं तर तोंड बुडवायची, गिळता येत नव्हतं. मग जीभ बाहेर लोंबली. मग बसली. माय तिच्या मानेखाली हात घालून बसून राहिली. त्या गायीला दोन वर्षं काही झालं नव्हतं हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. पण ती मेल्यावर बोललं गेलं ते एकच, की पाप उलटलं. चुरा थांबला म्हणून मेली, असं मी विहिरीवर एकदा म्हणून पाहिलं. बाया दोर ओढत राहिल्या.

माझ्या लेकीला, तुझ्या कोकिळेला, आता पंधरावं सरलं. तू पाठवलेलं निळं लुगडं नेसली की मोठी दिसते. शहापूरकडचं स्थळ आलं होतं. मुलगी पसंत होती. मग गावात चौकशी केली आणि आमच्याकडे पाण्याचा पेलाही न घेता उठून गेले. दुसरे आले ते वेशीवरूनच परतले. कोकिळा रडली नाही. तिनं केळीच्या पानावर वाढलेलं त्यांचं जेवण उचललं आणि बैलांपुढे ठेवलं.

माय असतानाच भाईदास पाटलांनी एक मार्ग काढला होता. ते दुष्ट नाहीत गं, त्यांच्यापरीनं त्यांना आमची सोडवणूकच करायची होती. ते म्हणाले, फसवल्या गेलेल्या माणसाला दोष कमी लागतो. डॉक्टरनं औषध म्हणून दिलं, काय आहे ते सांगितलं नाही, एवढं म्हणा आणि प्रायश्चित्त घ्या, गाव तुम्हाला परत घेईल. मायनं त्यांना बसायलाही सांगितलं नाही. "त्यानं पयल्याच दिवशी माह्या हातावर ठेवून सांगतलं. मी काय बहिरी होती? मी जिती आहे तोवर हे या घरात कोणी बोलायचं नाही." यांनी मान खाली घातली. आणि तिचा शब्द त्यांनी पाळला. ती जिवंत होती तोवर कोणी बोललं नाही.

शारदा, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी बऱ्हाणपूरला राजघाटावर आमचं प्रायश्चित्त आहे. यांनी डोकं भादरायचं, आम्ही सगळ्यांनी तापीत अंग धुवायचं, आणि मग हे गावासमोर सांगणार आहेत की डॉक्टर अरविंदांनी आम्हाला फसवलं, हाड आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. कोकिळा चुलीपाशी पाठमोरी होती, तिचे हात थांबले. मी हो म्हटलं. तुझे वडील बऱ्हाणपुरातच आहेत, त्यांच्या कानावर हे संध्याकाळच्या आत जाईल आणि ते तुला कळवतील. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते आहे. तू लिहिलं होतंस की डॉक्टरांनी तिकडे नवीन गावांत हे काम पुन्हा धरलं आहे, आणि लोक कचरले की ते निंबोल्याच्या गोदाबाईंचं नाव सांगतात. त्यांना सांग, ते नाव आता घेऊ नका. कोणी खात्री करून घ्यायला इथवर आलंच, तर आम्ही त्यांना खोटं पाडू. मलाही विचारतील आणि मीही यांच्यासारखंच बोलेन, कारण नाही बोलले तर मग कोकिळेला दुसऱ्यांदा कोणी वाचवणार नाही. या पत्राचं उत्तर पाठवू नकोस, इथे पत्रं आता आधी दुसरेच वाचतात. डॉक्टरांनी खरं सांगितलं होतं. आमच्या अंगणात, आमच्या सगळ्यांच्या देखत, पहिल्याच दिवशी. हे मी आज लिहून ठेवते आहे, कारण यापुढे मला ते कुठेच म्हणता येणार नाही.

म्हणू देशील तर अजूनही तुझीच,
मनकर्णा