जखमेचा रंग

ती. आईस, लांबूनच पायांवर डोकं ठेवते.

माझं बरं चाललंय. वृद्धाश्रमातल्या कामामुळे जपानी रंगही पाठ झाले: आका लाल, किइरो पिवळा, मुरासाकी जांभळा. रोज अंथरुणाला खिळलेल्या आजीबाईंचे पाय पुसून प्रत्येक जखमेचा रंग वहीत लिहायचा. चुकला तर नर्सबाई चारचौघांत झापते. 'कुरो', म्हणजे काळा, लिहिला की डॉक्टर धावत येतात.

तुझ्या अंगठ्याच्या जखमेचं विचारलं, तर दादा फोनवर म्हणतो, "बरी आहे." बरी हा कुठला रंग? परक्यांच्या आया मी सांभाळते, आणि माझ्या आईला कुणी वाली नाही.

वहिनीला आजच पट्टी सोडायला लाव. लाल असेल तर मला कळव. काळी असेल तर पत्र लिहीत बसू नकोस.

तुझं शेंडेफळ