लिफ्टमधली खुर्ची

बाबा, आपली लालबागची चाळ पाडली. तिथे टॉवर होईपर्यंत आम्ही सगळे ट्रान्झिटच्या इमारतीत आहोत, मी चौदाव्या मजल्यावर. रविवारी टॉवरचा आर्किटेक्ट आमच्यापुढे बोलायला आला. म्हणाला, वास्तू डोळ्यांनी बघायची नसते, देहाने जगायची असते. या विचाराला फेनॉमेनॉलॉजी म्हणतात. मग आपल्या गॅलरीला त्याने 'सामूहिक श्वास' म्हटलं. त्या श्वासाला संडासाचा वास होता हे त्याला कोण सांगणार? रात्रपाळी करून आलात की तुम्ही तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांशी झोपायचात, कारण खोलीत जागा नसायची. त्या गॅलरीच्या कठड्याचा तुकडा आता टॉवरच्या लॉबीत काचेमागे लागणार आहे.

मी उठून विचारलं, "टॉवरच्या लिफ्टमध्ये माणूस आडवा मावेल का?"

"मावशी, ते सर्व्हिसेसवाले बघतात. आज आपण अनुभवाबद्दल बोलतोय."

मागून शेजारचा म्हणाला, "काकी, एवढी कसली घाई? माझा डबल डोअर फ्रिज गेला की इथल्या लिफ्टमधून."

"फ्रिज उभा जातो रे. तुझ्या काकांना आडवं जायचं होतं."

आर्किटेक्टने पुढची स्लाइड लावली.

तुमचे जावई गेले, बाबा. गेल्या श्रावणात, इथेच वर. तुम्हाला चाळीच्या रुंद जिन्यावरून चौघांनी खांद्यावर आडवं नेलं होतं, वळणावरसुद्धा कुणी अडखळलं नाही. इथला जिना अरुंद, लिफ्ट त्याहून. ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चादरीने बांधावं लागलं.

आर्किटेक्टने बोलताना नाव घेतलेलं पुस्तक मी मिळवलं. तुम्ही परळच्या फूटपाथवरून आणून दिलेली डिक्शनरी मांडीवर घेऊन दुपारच्या दुपारी बसले. लहानपणी मी न समजता मान डोलावली की तुम्ही टपली मारायचात, "समजला नाय तर नाय म्हण. उगाच मान हलव नको." तर बरंचसं समजलं नाही. समजलं तेवढं खरं आहे: माणूस घर अंगाने ओळखतो, अंधारातही हात बरोबर बटणावर जातो. हे तर आपल्या चाळीतल्या मांजरालाही माहीत होतं. पानोपानी देह, देह, पण तो देह कायम धडधाकट. पायऱ्या चढतो, भिंतीवरून हात फिरवतो, खिडकीतलं ऊन बघतो. आजारी पडत नाही, मरत तर नाहीच. आणि एवढं तत्त्वज्ञान सांगून झाल्यावर लिफ्ट मोजायची तेवढी राहून जाते.

पुढच्या सभेत मी पुन्हा उभी राहणार आहे. लिफ्टचं उत्तर मिळेपर्यंत टॉवरच्या नकाशाला संमतीच्या सहीसाठी माझं दार वाजवू नका, असं कमिटीला सांगून ठेवलंय. सगळे वैतागलेत. वैतागू देत, त्यांनाही एक दिवस खाली उतरायचंच आहे.

एक गोष्ट मात्र त्या सभेत सांगणार नाही. हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून इथे लिहिते. त्या दिवशी लिफ्टमध्ये ह्यांच्या खुर्चीपुरती आणि माझ्यापुरतीच जागा होती. बाकीचे जिन्याने धावले. समोर आरसा होता. मी ह्यांचे विस्कटलेले केस हाताने सारखे केले. लग्नानंतरही त्याच चाळीत, एका खोलीत सासू, दीर, मुलं. आम्ही दोघंच असे कधी नव्हतोच. तळमजला आला तेव्हा दार उघडू नये असं मला वाटलं.