मधल्या कोठडीतून गेलेल्या दोन चिठ्ठ्या

प्रेमळ ओपलमावशीस,

तुझ्या धाकट्या भाच्याचा (वय छत्तीस) इंडियानाहून वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? नेब्रास्कात बर्फ वितळला का? माझी प्रकृती ठीक आहे. भूक लागते, झोप लागते. फक्त गेले अकरा दिवस दोन माणसं माझ्याशी बोलत नाहीत, आणि नेमकं त्याच दोघांबरोबर मला आवाजाच्या दुप्पट वेगाच्या विमानात बसावं लागतं.

तू चर्चमध्ये सगळ्यांना सांगतेस की आमचा व्हर्जिल बॉम्बफेकी विमानातून जग बघतो. मावशी, असं सांगत जाऊ नकोस. आमच्या बी-५८ मध्ये तीन माणसं एकामागे एक अशा तीन वेगळ्या कोठड्यांत बसतात. पुढे मेजर टोरवाल्ड नेस, विमान चालवायला. मधे मी, रस्ता सांगायला (माझी खिडकी तुझ्या प्रार्थनेच्या पुस्तकाएवढी आहे). मागे कॅप्टन एमेट क्वार्ल्स, शत्रूच्या रडारला चकवायला. एकदा झाकणं लागली की उतरेपर्यंत कुणी कुणाचं तोंड बघायचं नाही. बोलायचं ते हेडफोनवर, आणि ते सगळं टेप होतं. म्हणून खाजगी गोष्टींसाठी आम्ही तिन्ही कोठड्यांतून एक दोरी फिरवून घेतली आहे. तिला चिमट्याने चिठ्ठी लावायची आणि ओढायची, तू अंगणात कपडे वाळत घालतेस तसं. (विमान केवढ्याला पडलं ते विचारू नकोस. दोरी क्वार्ल्सच्या बायकोची.)

हे विमान बनवलं कशासाठी, तर रशियनांनी मान वर करायच्या आत साठ हजार फुटांवरून जाऊन यायला. पोटात बॉम्बला जागासुद्धा ठेवली नाही. तो खाली एका लांबट पिंपात लटकवतात. सगळं जमलं, तेवढ्यात रशियनांनी तितक्या उंचीवर पोचणारी रॉकेटं केली. मग वरिष्ठ म्हणाले, आता खालून जा. त्यामुळे हल्ली आम्ही पाचशे फुटांवरून सराव करतो, तोही आवाजापेक्षा हळू, आणि इंडियानातल्या गाई आम्हाला ओळखायला लागल्या आहेत.

मुद्दा भांडणाचा. मेजर नेसला आपल्या विमान उतरवण्याचा फार अभिमान. हे विमान ताशी दोनशे मैलांनी, नाक वर करून उतरतं. ते चुकलं तर पुढचं पत्र दुसऱ्या कुणाला लिहावं लागेल. फेब्रुवारीत एकदा चाकं जरा जोरात टेकली. मागून हेडफोनवर क्वार्ल्स म्हणाला, "मेजर, धावपट्टीने आपलं काय घोडं मारलं होतं?" टेप तळप्रमुखांनी ऐकली. हसले. नुसते हसले नाहीत, चार स्क्वाड्रन्ससमोर ती परत लावली. तेव्हापासून नेस क्वार्ल्सशी बोलेना. क्वार्ल्स जॉर्जियाचा, माफी मागणं त्याच्या घराण्यात नाही.

आणि महिन्याभरात वार्षिक तपासणी. तिघांनी एकमेकांना क्षणात उत्तरं द्यायची असतात. नापास झालो तर तुकडी फोडतात, आणि माझ्या वयाच्या वाटाड्याला टेबलामागे बसवतात. मावशी, मला खिडकी नसलेली कोठडी चालेल, पण टेबल नको. म्हणून सरावाच्या उड्डाणात, ओहायोवर कुठेतरी, मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. पुढे एक: 'मेजर, माझी जीभ मोकाट आहे. मनपूर्वक माफ करा. एमेट.' मागे एक: 'एमेट, मीच तापट. तू मागे आहेस म्हणून मला मागची काळजी नसते. मनपूर्वक, टोरवाल्ड.'

दहा मिनिटांनी हेडफोनवर मेजर: "एमेट, बाबा रे, मागे गार तर नाही ना?"

"नाही मेजर. तुमची पाठ कशी आहे?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नकाशा भिजला.

तपासणीत आम्ही पहिले आलो. नेसच्या घरी जेवण झालं. त्याची बायको सोल्व्हेग मासे तळत होती, आणि नेस उठून म्हणाला, "या माणसाने मला जे लिहिलं ते मी पाकिटात जपलंय." त्याने चिठ्ठी वाचली. क्वार्ल्स गोंधळला, मग त्यानेही आपली काढली. दोन्ही शेजारी ठेवल्या. दोन्ही हिरव्या पेन्सिलीने लिहिलेल्या (ती वाटाड्यालाच मिळते), आणि दोन्हींत 'मनःपूर्वक' एकाच ठिकाणी चुकलेलं.

"व्हर्जिल," मेजर शांतपणे म्हणाला, "तुझी पेन्सिल दाखव."

"आधी मासे खा," सोल्व्हेग म्हणाली, "मग मारा त्याला."

मारलं नाही. मारलं असतं तर बरं होतं. आता ते दोघं सख्ख्या भावांसारखे झालेत. दोरीवरून चिठ्ठ्या माझ्या नाकासमोरून जातात, थांबत नाहीत. मी "डावीकडे तीन अंश" म्हटलं की नेस वळतो, पण हो म्हणत नाही.

बाकी सर्व क्षेम. तुझा,
व्हर्जिल

ता. क. मूळ काम राहिलंच. दोघांनी निरोप पाठवलाय की माझ्या हातची, माझ्या नावाची माफी हवी. चार वेळा बसलो. दुसऱ्याच्या नावाने झरझर लिहिलं, स्वतःच्या नावाने पेन्सिल हलत नाही. तू एमॉसकाकांशी चाळीस वर्षं संसार केलास, आणि चूक तुझी नसतानाही त्यांच्या माफ्या मागितल्यास. एक लिहून पाठव. मी उतरवून घेईन.

ता. क. २. दोन पाठव, वेगवेगळ्या. ते ताडून बघतात.