सतरा नंबरच्या घरातली दोन बाळं

सोमवार, ३ फेब्रुवारी
घरोघर फिरून जन्म मोजायचं काम गळ्यात घातलं, आणि वर हे आदर्श सर म्हणतात, बेबीआक्का, अंदाजानं लिहू नका! प्रत्येक दार वाजवा, दोन वर्षांत किती जन्म झाले ते विचारा. स्वतः बेळगावच्या कॉलेजात पंख्याखाली बसणार. निपाणी, बोरगाव, जांबोटीचे आकडे कम्प्युटरात घालून दहा वर्षांनी किती पोरं जन्मतील ते काढणार. पाय कुणाचे दुखणार? माझे. चौथी शिकले म्हणून मला अक्कल न्हाय काय?
उद्यापासून रोज चाळीस घरं. नक्की.

मंगळवार, ४
सहा घरं. चारांना कुलूप. बाया विड्या द्यायला कारखान्यात गेलेल्या. मदरशाची गल्ली राहिली. ऊन लई.

बुधवार, ५. दुपारी दोन
डोकं चाललं. तंबाखूच्या वखारीच्या गच्चीवरून मदरशाची अख्खी गल्ली मागच्या बाजूनं दिसते. दोऱ्यांवर झबली वाळत असतात. पाच झबल्यांना एक बाळ धरलं. कोपऱ्यापासून घरं मोजत गेले, अर्ध्या तासात चौतीस संपली. सतरा नंबरला दहा झबली, म्हणजे दोन बाळं. एवढं शिकून सरांना हे सुचलं न्हाय.

शनिवार, ८
कागद दिले. सर म्हणाले, या गल्लीचा आकडा फार वर गेलाय, खात्री आहे ना? मी म्हटलं, त्यांच्यात असतातच. बोलून गेले. घरी आल्यावर ते घशात अडकलं. दोन कप चहा प्याले तरी खाली उतरलं न्हाय.

सोमवार, १०
बाजारात जाहिदा भेटली. वीस वर्षं कारखान्यात एका चटईवर बसून विड्या वळल्या आम्ही. आता झबली शिवून विकते. शिवल्यावर धुऊन वाळवते म्हणे, नवं कापड बाळाला टोचतं. बुधवारी वखारीच्या गच्चीवर दिसलीस गं, असंही म्हणाली. घर कितवं गं तुझं, विचारलं. म्हणाली, सतरा नंबर, इतक्यांदा जेवून गेलीस की, विसरलीस व्हय?
लग्नाला बावीस वर्षं झाली तिच्या, पाळणा हलला न्हाय. एकदा पोटातच गेलं, तेव्हा दवाखान्यात तिच्याजवळ मीच होते.
उद्या सरांना सांगून खोडून टाकणार.

मंगळवार, ११
फोन लावला. सरांनी उचलला. जेवलासा काय, एवढंच विचारलं आणि ठेवला. दोन बाळांनी काय बिघडतंय? कुणाला कळणार आहे?

गुरुवार, १३
सगळ्यांना कळणार आहे. मदरशाचे मुश्ताक मास्तर पोरांना लोकशाही शिकवतात. मागं पोरांनी गुप्त मतदान करून वर्गप्रमुख निवडली. आता नवा धडा. ग्रामसभेत होतं तसं यादीचं जाहीर वाचन, हरकत असेल त्यानं हात वर करायचा. यादी कुठली, तर माझी. सरांनीच दिली. रविवारी सगळी गल्ली येणार. मला पाहुणी म्हणून बोलावणं.
उद्या जाहिदाला आधीच सांगून मोकळी होणार. नक्की.

शुक्रवार, १४
गेलते. दारातनं परत आले. ती मशीनवर होती. कामात खोळंबा कशाला?

शनिवार, १५
ताप आलाय. थर्मामीटर न्हाय म्हणतोय. थर्मामीटर बिघडलाय.

रविवार, १६. संध्याकाळी
मास्तरांनी पहिल्या रांगेत बसवलं, हातात गुलाब दिला. वर्गप्रमुख मिस्बा, आठवीतली पोरगी, खणखणीत आवाजात वाचत होती. घर नंबर सतरा, जन्म दोन. कुणी हसलं न्हाय. हसले असते तर बरं झालं असतं. जाहिदानं हात वर केला. मी मधेच उठले, तर मिस्बा म्हणाली, बसा मावशी, हरकत घेणाऱ्याचं आधी ऐकायचं असतं. बसले.
जाहिदा चिडली न्हाय. चिडायला पाहिजे होतं. माझ्याकडं बघून म्हणाली, बेबी, मला बावीस वर्षांत दिसली न्हाईत ती तुला गच्चीवरनं दिसली. मुलगे हाईत का मुली? नावं काय ठेवलीस?
मिस्बानं शब्द न् शब्द लिहून घेतला. खाली शेरा मारला आणि मलाच वाचायला लावला: यादी करणाऱ्या बाईंनी सतरा नंबरच्या घरी स्वतः जाऊन, दार वाजवून, गुरुवार २० तारखेच्या आत याचं उत्तर द्यावं.